प्रलयाचा मासा म्हणे! ओरफिश राहतो कुठं आणि वर येतो कशाला

२०२५ च्या मे-जूनच्या सुमारास तमिळनाडूच्या मच्छीमारांना एक लांबलचक चंदेरी मासा सापडला. डोक्यावर लालभडक तुरा, आणि तो धरायला ओळीनं उभी राहिलेली माणसं, असा तो व्हिडिओ बघता बघता निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या ग्रुपांवर फिरू लागला. खालचा मजकूर ठरलेला: हा 'डूम्सडे फिश', प्रलयाचा मासा, हा वर आला की भूकंप नाहीतर सुनामी नक्की, पुढच्या दहा जणांना पाठवा. बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "काय ओ मावशी, आता बांगडा घ्यायचा का नको?" मावशी म्हणाली, "भूकंप यायच्या आत घ्या की, ताजा आहे."

मावशीचं उत्तर बिनतोड आहे. पण या सगळ्यात माशाची बाजू कुणी मांडलीच नाही, आणि ती भूकंपापेक्षा कितीतरी रंजक आहे.

आधी ओळख करून घेऊ

ओरफिशच्या गटाला शास्त्रात 'रेगॅलेकस' म्हणतात. नॉर्वेच्या किनाऱ्यावर सापडलेल्या माशावरून १७७२ मध्ये पीटर अस्कानियसनं त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. आज या गटात दोन जाती मानतात. मोठी 'रेगॅलेकस ग्लेस्ने', आणि दुसरी 'रेगॅलेकस रसेली'. ही दुसरी जात थेट आपल्या देशाशी जोडलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर पॅट्रिक रसेल विशाखापट्टणमला होता तेव्हा त्यानं तिथल्या माशांची चित्रं काढवून घेतली, वर्णनं लिहिली. दोनशे माशांचा तो ऐवज १८०३ मध्ये छापला गेला. त्यातल्या एका लांब चपट्या माशाला फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिए यानं १८१६ मध्ये रसेलचं नाव दिलं. आपल्या बांधावरच्या घोणशीच्या शास्त्रीय नावातला 'रसेली' तो हाच रसेल. म्हणजे वेंगुर्ल्याच्या वाटेवरचा साप आणि खोल समुद्रातला हा मासा, दोघांच्या नावावर एकाच माणसाची मोहोर.

व्हिडिओ बघून आपल्याकडच्या माणसाला आधी वाकटी आठवते. तीच पट्टीसारखी चपटी, तीच चांदी. पण वाकटी आणि ओरफिश यांचं नातं फार लांबचं. वाकटीचे दात सुईसारखे तीक्ष्ण असतात, ती इतर मासे फाडून खाते. ओरफिशच्या तोंडात सहसा दातच नसतात. हा जबडा नळीसारखा पुढे काढतो, पाणी आत ओढतो आणि कल्ल्यांच्या गाळणीत अडकलेले बारीक जीव गिळतो. त्याचं मुख्य खाणं म्हणजे क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे दिसणारे बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे जीव. जोडीला छोटे माकूल. प्रलय घडवणाऱ्याचा आहार एवढा साधा असेल असं वाटत नाही, पण आहे.

अंगावर खवले नाहीत. कातडीवर चांदीसारखा मुलामा असतो, तो हात लावला तरी निघतो. पाठीवरचा लाल पर डोक्यापासून शेपटापर्यंत सलग जातो आणि त्याचे सुरुवातीचे काटे उंच वाढून तुरा बनतो. पोटाकडून दोन लांब दोरे लोंबतात, टोकाला वल्ह्याच्या पात्यासारखे पसरट. त्यांवरूनच 'ओर', म्हणजे वल्हं, असं इंग्रजी नाव पडलं. ते वल्हवायला नाहीत. पाण्यात जवळपास काय आहे याची चव घेण्यासाठी ते वापरले जात असावेत असं अभ्यासकांना वाटतं.

राहतो कुठं?

समुद्रात वरून खाली जाताना पहिल्या दोनशे मीटरांत ऊन पोचतं, त्यामुळे शेवाळ वाढतं, मासे वाढतात, आपल्या ताटात येणारा बांगडा, तारली, सुरमई तिथलीच. दोनशे ते हजार मीटर हा संधिप्रकाशाचा थर. इथं दिवसासुद्धा उजेड इतका कमी की वनस्पती जगू शकत नाहीत, पण डोळ्यांना वरची सावली कळते. त्याखाली ठार काळोख. ओरफिश मुख्यतः या संधिप्रकाशाच्या थरात वावरतो, अधूनमधून वरच्या पाण्यातही येतो.

खोलीचा अंदाज यावा म्हणून: बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे. चोर्ला घाटातून गोव्याच्या किनाऱ्याला लागेपर्यंत आपण जेवढी उंची उतरतो, तेवढंच किनाऱ्यापुढं पाण्यात उतरलो तर ओरफिशच्या मुलखात पोचू. कारवार, वेंगुर्ला, मालवणच्या बोटी ज्या पाण्यात जाळी टाकतात ते त्यामानानं उथळ. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर काढलेल्या कोळ्यालाही हा मासा आयुष्यात दिसला नसेल तर नवल नाही.

लाल तुऱ्याचं मात्र कुतूहल वाटतं. इतक्या खोलात लपून राहायचं तर असा भडक रंग कशाला? उत्तर पाण्यात आहे. सूर्यप्रकाशातला लाल भाग समुद्राचं पाणी आधी शोषून घेतं. वरच्या काही मीटरांतच तो जवळपास संपतो. लाल वस्तू लाल दिसायला तिच्यावर लाल उजेड पडावा लागतो. तो नाही म्हटल्यावर तुरा काळपट दिसतो, म्हणजे दिसतच नाही. आपण बघतो तो झगमगीत तुरा किनाऱ्यावरच्या उन्हातला. त्याच्या घरी तो कुणालाच तसा दिसत नाही.

तिथल्या दाबानं चिरडत कसा नाही?

हा प्रश्न बहुतेकांना पडतो, आणि त्यामागची समजूत अर्धवट असते. समुद्रात दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेइतका दाब वाढतो. गोकाकचा धबधबा ५२ मीटरांचा. तेवढ्या उंचीचा समुद्राच्या पाण्याचा खांब उभा केला तर तळाशी पाच वातावरणांची भर पडेल. ओरफिश पाचशे मीटरवर असेल तेव्हा त्याच्यावर पन्नासाची भर असते.

पण दाब चिरडतो तो पोकळीला. हवा दाबली की आकसते, पाणी जवळजवळ आकसत नाही. माशाचं शरीर बहुतांश पाणीच, आणि आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच. दोन्हीकडून सारखाच रेटा, मग चिरडायचं कोणी? अडचण होते ती हवेची पिशवी असलेल्या माशांची. घरी रोहू किंवा कटला साफ करताना पोटातून पांढरा फुगा निघतो ना, तीच ती वाताशय नावाची पिशवी. पाण्यात तरंगायला मदत करणारी. पाचशे मीटरवरून असा मासा झटकन वर ओढला तर त्या पिशवीतली हवा पन्नास पटींच्या आसपास फुगायला बघते. खोल पाण्यातून आणलेल्या काही माशांचं पोट तोंडातून बाहेर आलेलं दिसतं ते त्यामुळं.

ओरफिशला हा फुगाच नाही. तरंगण्यासाठी त्यानं वेगळी तोड काढली आहे: मांस पाणीदार आणि थलथलीत, हाडं हलकी, स्नायू बेताचे. असं शरीर आसपासच्या पाण्यापेक्षा फार जड होत नाही, मग एका जागी राहायला ताकद लागत नाही. अन्न तुटपुंजं असलेल्या ठिकाणी ही काटकसर बरी. तिची किंमत मात्र आहे. जोराचा प्रवाह आला, वादळानं पाणी ढवळलं, तर त्याविरुद्ध पोहायचं बळ या अंगात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

उभा राहणारा मासा

दोन शतकांहून जास्त काळ माणसानं ओरफिश पाहिला तो मेलेला किंवा मरायला टेकलेला. जिवंत, आपल्या घरात निवांत असलेला ओरफिश नीट दिसला तो तेलकंपन्यांमुळं. मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरींच्या कामासाठी दोरखंडाला जोडलेली, वरून चालवायची कॅमेरायंत्रं पाण्यात सोडतात. २००८ ते २०११ या काळात अशा यंत्रांनी पाच वेळा ओरफिश टिपला.

त्या चित्रफितींत मासा आडवा नव्हता. तो सरळ उभा होता, डोकं वर, शेपूट खाली, अंग काठीसारखं ताठ. सापासारखी वळवळ नाही. फक्त पाठीवरचा तो लांब पर लाटेसारखा हलत होता, आणि त्या जोरावर मासा पुढं काय, मागंही सरकत होता. उभं राहण्याचा एक फायदा असा मानतात, की वरच्या अंधुक उजेडात आडव्या माशाची सावली मोठी पडते, उभ्याची जवळजवळ पडत नाही. शिवाय वर बघत राहिलं की उजेडाच्या पार्श्वभूमीवर क्रिलचे ठिपके ओळखता येतात.

जुन्या खलाशांच्या समुद्रसर्पाच्या गोष्टींत वळसे घेत जाणारा अजगर असतो. त्यातल्या काही गोष्टींचं मूळ ओरफिशमध्ये असावं असं अनेकांना वाटतं. पृष्ठभागावर आलेला, धडपडणारा मासा पाहिला तर असंच काही डोळ्यांत भरणार. निरोगी ओरफिशला पाहून कुणी अजगराची गोष्ट रचली नसती.

शेपटाची भानगड, आणि लांबीची

हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत ओरफिश सर्वांत लांब. पण किती? आठ मीटरपर्यंतची लांबी सर्वमान्य आहे. अकरा मीटर, सतरा मीटर असे आकडे फिरतात, त्यांना भरवशाचं मोजमाप नाही. फॉरवर्डमध्ये तर तो दरवेळी थोडा वाढतो.

गंमत म्हणजे मोठे ओरफिश पूर्ण लांबीचे नसतातच. त्यांच्या शेपटाचं टोक तुटलेलं आणि जखम भरून आलेली आढळते. पाल शेपूट टाकते तसं काहीसं; फरक एवढाच की पालीला नवं फुटतं, याला फुटत नाही. मरणाची भीती नाही, कारण महत्त्वाचे अवयव पुढच्या भागात असतात. तुकडा आयुष्यात एकदाच जातो असंही नाही. त्यामुळं किनाऱ्यावर मोजलेल्या पाच मीटरच्या माशाची मूळ लांबी किती होती, हे त्याच्या अंगावरून सांगता येत नाही.

पिल्लांबद्दल अलीकडंच कळायला लागलं आहे. अंडी वरच्या पाण्यात तरंगतात. जपानमध्ये ओकिनावाच्या संशोधकांनी जाळ्यात सापडलेल्या रसेली जातीच्या नर-मादीपासून कृत्रिम फलन करून अंडी उबवली; ती फुटायला १८ दिवस लागले. माशांच्या मानानं हा काळ मोठा. एवढे दिवस अंडं प्रवाहाबरोबर वाहत जातं, आणि जात जगभर पसरलेली असण्याचं हे एक कारण असू शकतं.

मग तो वर येतोच कशाला?

आता ती लक्षात ठेवलेली गोष्ट. अंगात बळ कमी, पोहणं मंद. आजारी पडला, जखमी झाला, वादळात किंवा प्रवाहात सापडला की याला सावरता येत नाही. पाचशे मीटरवर पाणी दहा-बारा अंशांचं. आपल्याकडच्या समुद्राच्या पृष्ठभागावर ते २८-२९ अंश असतं. त्या उन्हात, त्या लाटांत हा मासा फार टिकत नाही. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात एकाच आठवड्यात दोन ओरफिश सापडले, एक साडेपाच मीटरचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथंच ला होया इथं आणखी एक. समुद्राचं तापमान आणि प्रवाह बदलले की तिथं अशा नोंदी वाढतात का, याचा शोध चालू आहे. तरीही १९०१ पासून त्या सबंध किनाऱ्यावर सापडलेल्यांची संख्या विसाच्या आसपासच.

थोडक्यात, तो वर आला म्हणजे त्याच्यावर संकट आलेलं असतं. आपण ते आपल्यावर ओढून घेतो.

"पण जपानात भूकंप झालाच होता की ओ!"

झाला होता. ११ मार्च २०११ ला जपानच्या पूर्व किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, सुनामी आली. त्याआधी ओरफिश दिसले होते हेही खरं. पण तारखा आणि नकाशा एकत्र ठेवून बघा. ते मासे मुख्यतः २००९-१० च्या हिवाळ्यात दिसले, म्हणजे वर्षभर आधी. आणि बहुतेक जपानच्या पश्चिमेकडच्या समुद्रात, भूकंपाच्या उलट्या बाजूला.

जपानी लोककथांत हा मासा समुद्रदेवाच्या महालातला दूत आहे, त्यामुळं ही समजूत तिथं मुळातच रुजलेली. म्हणून तिथल्याच संशोधकांनी ती तपासली. १९२८ ते २०११ या काळातल्या, ओरफिश धरून खोल पाण्यातल्या माशांच्या ३३६ नोंदी त्यांनी जमवल्या आणि २२१ भूकंपांशी ताडून पाहिल्या. मासा दिसल्यावर तीस दिवसांत, शंभर किलोमीटरच्या आत भूकंप झाला का? जुळलं एकच उदाहरण. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

तरी लोक म्हणतात, ला होयाला मासा सापडला १० ऑगस्टला आणि लॉस एंजेलिस हललं १२ ऑगस्टला! तो भूकंप ४.४ तीव्रतेचा होता, आणि कॅलिफोर्नियाला असे धक्के नवे नाहीत. जगात सहाच्या वरचे भूकंप वर्षाला शंभराहून जास्त होतात, पाचच्या वरचे हजाराहून जास्त. खानापुरात जुलै महिन्यात कुणी शिंकलं तर तासाभरात पाऊस पडतोच. शिंकेनं पाऊस येतो असं कुणी म्हणत नाही.

तमिळनाडूच्या माशाचंही तसंच. त्यानंतर तमिळनाडूत मोठा भूकंप झाला नाही. मग काहींनी जुलैअखेरचा रशियातल्या कामचाटकाचा ८.८ चा भूकंप त्याच्या खात्यावर टाकला. हजारो किलोमीटर लांबचा, दीड-दोन महिन्यांनंतरचा. ठिकाण आणि वेळ मोकळी सोडली की कुठलाही मासा कुठल्याही भूकंपाशी जुळवता येतो. अशा भाकिताला चुकायची सोयच ठेवलेली नसते, आणि मला वाटतं तीच त्याची खोट.

"जनावरांना आधी कळतं म्हणतात, ते काय खोटं?"

पूर्ण खोटं नाही. भूकंपातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली वेगवान पण सौम्य, दुसरी सावकाश येणारी आणि घरं पाडणारी. पहिली माणसाला बहुतेकदा जाणवत नाही, कुत्र्याला किंवा गुराला जाणवू शकते. दोन्हींत अंतर पडतं ते सेकंदांचं. गोठ्यातली म्हैस दावं ओढू लागते ती भूकंप सुरू झालेला असताना, आदल्या महिन्यात नव्हे. भूकंपाची तारीख आधी सांगणारी कुठलीही पद्धत आज जगात कुणाकडे नाही.

शिवाय आपल्या भागाला माहीत असलेले भूकंप जमिनीवरचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेला, धरणाच्या पाणीसाठ्याशी जोडला जाणारा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. ओरफिशला किल्लारीचा पत्ता कुणी द्यावा? २००२ च्या भारतीय मानकाच्या नकाशात बेळगाव जिल्हा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या भूकंपक्षेत्रात आहे. ज्यांना खरंच काळजी वाटते त्यांनी नव्या मजल्याचे खांब कोण बांधतंय, सळी किती घालतंय, याची चौकशी करावी.

आणि तो सैनिकांचा फोटो?

पंधरा-वीस अमेरिकी सैनिक एक राक्षसी मासा हातावर धरून उभे आहेत, तो फोटो तुम्ही पाहिला असेलच. लाओसमध्ये १९७३ साली पकडलेली नागराणी अशी त्याची ख्याती. फोटो खरा आहे, गोष्ट खोटी. तो १९९६ चा, कॅलिफोर्नियात सान डिएगोजवळच्या कोरोनाडोच्या किनाऱ्यावरचा. नौदलाच्या तळावर सापडलेला सुमारे सात मीटरचा ओरफिश.

"आमच्याकडं समुद्रच नाही, आम्हाला काय त्याचं?"

समुद्र नाही, पण पाणी दोन्ही समुद्रांना जातं. एकट्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते, आणि त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला.

ओरफिशच्या थरात रोज रात्री एक प्रचंड हालचाल होते. क्रिल, छोटे दिवेमासे आणि असंख्य जीव अंधार पडला की वर चरायला येतात, उजाडायच्या आत खाली जातात. प्राण्यांचं एवढं मोठं स्थलांतर पृथ्वीवर दुसरं नाही. वर खाल्लेलं ते खाली नेऊन टाकतात, आणि त्याबरोबर हवेतून आलेला कार्बनही खोल जातो. ज्या मोसमी वाऱ्यांवर आपला भात उभा आहे ते याच अरबी समुद्रावरून येतात, त्यामुळं त्याच्या पोटात काय चाललंय हे पाहणं नुसत्या कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. कोचीच्या सागरी सजीव संसाधन केंद्राचं 'सागर संपदा' जहाज खोल पाण्यातल्या जीवांच्या नोंदी घेतं. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेत तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी चेन्नईत तयार होते आहे.

शेवटचा प्रश्न, बेळगावकरांचा: खातात का?

विषारी म्हणून त्याची ख्याती नाही, पण खाण्यासाठी कुणी त्याच्या मागं जात नाही. मांस जेलीसारखं, पाणचट. तव्यावर टाकायला तुकडा घट्ट तरी हवा. बाजारात त्याला भाव नाही, म्हणून जाळ्यात आलाच तर मच्छीमार आधी फोटो काढतात.